हवापाणी

"इथलं हवापाणी कोणत्या महिन्यात चांगलं असतं हो?"

एवढं विचारलं मात्र, मच्छिंद्रच्या कपाळाला आठी पडली. हवेचं नुसतं निमित्त, खरा डोळा पाण्यावर! त्याच्या बापालाही एका साहेबानं असंच गोड बोलून पाणी विचारलं होतं. बापानं हौसेनं सांगितलं, आणि पुढं धरण झालं तेव्हा खालची सगळी जमीन बुडाली. उरलं ते डोंगरकडेचं एवढं एक भाताचं खाचर. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो; मच्छिंद्र तर पाणीही फुंकून प्यायचा.

सत्तर सालचा भाद्रपद होता. भाड्याच्या जीपनं श्रीरामपूरहून आलेल्या या काकासाहेबांच्या गळ्यात दुर्बीण होती. एवढ्या धुक्यात दुर्बीण कशाला? हा मोजणीवालाच.

"चांगलं कसलं, सायेब? पावसात चिखुल, थंडीत हाडं गोठत्यात. पान्याचं तर नावच काढू नका."

"आणि दसऱ्यापासून राहायला आलं तर?"

"तवा तर लई वंगाळ! तापाची साथ."

दसऱ्याला सोनकी फुलून सारा डोंगर पिवळा होतो, वारा अंगाला गोड लागतो, हे त्यानं पोटातच ठेवलं.

जीपमध्येच बसलेल्या काकासाहेबांच्या बाईंना पाणी देऊन त्याची बायको चांगुणा परत आली आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अवो, त्या बाईला दमा हाय. डागतरानं उंचावर ऱ्हायला सांगितलंय. तिच्यापायी इचारत्यात ते. खरं सांगा की!"

"तुला न्हाई कळायचं. बायामानसं म्होरं घालूनच येत्यात ही लोकं."

जीप घाट उतरली. खाचर वाचलं म्हणून मच्छिंद्र खुशीत होता.

पुढच्या वर्षी दसऱ्याला काकासाहेब एस.टी.नं एकटेच आले. गळ्यात दुर्बीण होतीच. मच्छिंद्र पुन्हा सावध झाला.

"बाई न्हाई आल्या?" चांगुणानं विचारलं.

"माघात गेली. खालची हवा सोसली नाही." ते पिवळ्या डोंगराकडे बघत राहिले. "इथं यायचं फार मनात होतं तिच्या. मीच म्हटलं, तिथली माणसं नको म्हणतात, ती खोटं कशाला सांगतील? ही दुर्बीण तिचीच. पाखरं बघायची होती तिला."

मच्छिंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगुणानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं पाण्याचा तांब्या आणून पुढं केला.

"पाणी गोड आहे हो तुमचं," काकासाहेब म्हणाले.

मच्छिंद्र पुढं झाला.

"वरल्या झऱ्याचं हाय, सायेब," तो म्हणाला. "भर उन्हाळ्यात बी आटत न्हाई. चला, दावतो."