तेच तुणतुणं

मित्रांनो, मी एक जुनं तुणतुणं आहे, आणि तुम्ही माझं नाव उगीच बदनाम करून ठेवलं आहे. कोणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोललं की लगेच म्हणता, "लावलं यानं आपलं तेच तुणतुणं." अहो, मला तारच एक आहे. दुसरं काय वाजवू? पण याच एका तारेवर कोणाचा जीव कसा टांगलेला होता, ते ऐका. मला काही स्वस्थ बसवत नाही.

धुळ्याच्या एका सुताराने मला घडवलं. पोकळ लाकडी नळकांडं, बुडाला शेळीचं कातडं, बाजूला दांडी आणि खुंटीपासून कातड्यापर्यंत ताणलेली ही तार. तेव्हा गॅसबत्त्या नव्हत्या, तमाशे दिवट्यांच्या उजेडात व्हायचे. फडातल्या तोतारामने मला घेतलं. तो झीलकरी, म्हणजे गाणाऱ्याच्या मागे उभं राहून सूर धरणारा. मी सदा त्याच्या खांद्याशी असायचो.

आणि आमचा सोंगाड्या उखर्डूनाना. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं. तेच नाव पडलं. माणूस असा की नुसता फेटा सावरत पुढे आला तरी पोरंबाळं हसू लागायची. त्याची एक बतावणी, म्हणजे हसवायचे सवालजवाब, साऱ्या खानदेशात गाजली. तोताराम राजा व्हायचा आणि नाना निरोप घेऊन आलेला विसराळू शिपाई.

"कोन शे रे तू?" राजा दरडावायचा.

नाना डोकं खाजवायचे, स्वतःच्या फेट्यात हात घालून काहीतरी शोधायचे, मग म्हणायचे, "तेच इचाराले तं उनू ना, राजा."

तेच विचारायला तर आलोय, म्हणे! झालं. अमळनेर असो की पिंप्राळा, माणसं हसून आडवी पडायची. बाजारात ओळखीचा माणूस भेटला तरी लोक एकमेकांना हेच ऐकवायचे. मी मध्येच टुंग करायचो. माझ्या टुंगशिवाय त्या विनोदाला मजा नव्हती, हे मी गर्वाने सांगतो.

एकटी झुंबरबाई हसायची नाही. ती नानांची बायको. नवऱ्याला वर्षातले आठ महिने गावोगाव नेणारं असलं काही तिला आवडेल कसं? तोताराम घरी आला की ती मला आत येऊ द्यायची नाही. "हाई सवत भाईर ठेवा," म्हणायची. मी ओट्यावर पडून राहायचो. मला राग यायचा, पण तिचंही खरंच होतं.

मग भडगावची ती सकाळ आली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी फडाने गावाला हजेरी, म्हणजे दिवसाचा खेळ, द्यायची, अशी रीत. बतावणी सुरू झाली. "कोन शे रे तू?" तोतारामने विचारलं. नानांनी डोकं खाजवलं. फेट्यात हात घातला. आणि हात तसाच राहिला. ते तोतारामकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "माले घर जानं शे."

लोक खदखदून हसले. नानांनी आज नवीनच काढलं, म्हणाले. तोतारामने मात्र माझी तार दाबून धरली. त्याला कळलं होतं, मला कळलं होतं, बाकी कोणाला नाही. सगळ्याचं सोंग आणता येतं, पैशाचं आणता येत नाही, असं तुम्ही म्हणता. आमच्या नानांनी विसरण्याचं सोंग आणलं, आणि तेच खरं होऊन अंगात बसलं.

पुढे गॅसबत्त्या आल्या, पण मोठ्या लढाईच्या दिवसांत त्यांना रॉकेल मिळेना, फड मोडला, नाना घरी बसले. बसले कसले! येरझारा घालायचे. दारापाशी जाऊन विचारायचे, "गाडी जुपी का?" उत्तर मिळालं तरी परत तेच. जेवण झाल्यावर जेवायला मागायचे. "पुरे करा आते सोंग," झुंबरबाई म्हणायची. तिला वाटायचं, म्हातारा थट्टा करतो आहे. पण एक दिवस त्यांनी तिच्याकडे टक लावून विचारलं, "कोन शे वं तू?" ती हसली. मग त्यांच्या डोळ्यांत बघून तिचं हसू मावळलं.

त्यानंतर ती रोज सांगायची, मी झुंबर, तुमची बायको. ते मान हलवायचे आणि परत विचारायचे. ती चुलीपाशी जाऊन रडायची. नाना दोनदा घरातून निघून गेले, एकदा गिरणा नदीच्या काठी सापडले. तेव्हापासून तिने दाराला बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. आत नाना दार वाजवत राहायचे. शेजारी म्हणायचे, म्हाताऱ्याचं आपलं तेच तुणतुणं. ओट्यावर माझ्या तारेला झिणझिण्या यायच्या.

मी तिथं असायचोच, कारण तोताराम मला घेऊन रोज यायचा. कडी काढून उंबऱ्यापाशी नानांसमोर बसायचा आणि मला छेडायचा. "गाडी जुपी का?" नाना विचारायचे.

"जुपी, नाना. पन बैल पानी पी राह्यनात."

"मंग पिऊ दे." आणि नाना खाली बसायचे. झुंबरबाई हे दाराआडून बघायची.

तोतारामचे गुडघे गेले, तसा मुलगा त्याला आपल्या गावी घेऊन गेला. जाताना तोतारामने मला ओट्यावर ठेवलं. "हाई तुमनाजोडे राहू द्या, अक्का. आते मी काय येवाव नही."

दुपारी नाना दार वाजवू लागले. झुंबरबाईने कडी काढली. मला उचललं, पहिल्यांदाच. उलटंच धरलं होतं तिनं, पण तार छेडली. नाना थांबले.

"कोन शे वं तू?"

तिने डोकं खाजवलं. पदरात हात घालून काहीतरी शोधलं. म्हणाली, "तेच इचाराले तं उनू ना, राजा."

नाना हसले. जन्मभर लोकांना हसवलं, पण या ओळीवर स्वतः कधी हसले नव्हते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, तिच्या शेजारी बसले, आणि परत विचारलं, "कोन शे वं तू?" तिने परत तेच सांगितलं. त्या दिवसापासून दाराला बाहेरून कडी लागली नाही.

नाना गेले, झुंबरबाईही गेली. माझी तार गंजली, कातडं फाटलं, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी तेच तेच विचारत असेल, तर रागावू नका. तो एका तारेवर आला आहे. त्याच्या मागे उभं राहून झील धरा.