जिना नसलेल्या मजल्यावरची माणसं

मंडळी, ही गोष्ट कुणालाही खरी वाटायची नाही. ज्याला पहिल्याच फटक्यात खरी वाटेल, त्याने खुशाल डोकं तपासून घ्यावं! पण ती घडली आपल्याच गल्लीत, भर दुपारी, आणि मास्तरांच्या देखत. ते बघा, कोपऱ्यात बसून कपाळाला आठ्या घालताहेत.

मास्तर निवृत्त झाले आणि तक्रारींना लागले. कुणाचं गटार तुंबलं, कुणाच्या दारातला दिवा गेला, की मास्तर निघालेच कचेरीत. ज्याचं गटार त्याला विचारावं, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. गल्लीलाही ते बरंच होतं. "मास्तर आहेत ना!" म्हणायचं आणि कूस बदलायची.

मग शिवणवहिनींच्या खिडकीसमोर ठेकेदाराने एक मजला चढवला. मंजूर नकाशात त्याचा पत्ताच नव्हता. वहिनींच्या मशीनवरचा उजेड गेला. सुईत दोरा जाईना, टाके वाकडे पडू लागले, गिऱ्हाइकं कपडे उचलून दुसरीकडे नेऊ लागली. वहिनी गप्प. मास्तर धावले. बांधकाम खातं "बघतो" म्हणालं आणि नुसतं बघतच राहिलं.

तिथून ते विपरीत सुरू झालं. त्या मजल्याला अजून जिना नव्हता. तरी एका दुपारी मास्तरांनी वर पाहिलं, तर पहिल्या खिडकीत शिवणवहिनी उभ्या! तोंड उघडत होत्या, मिटत होत्या. आवाज नाही. मास्तरांनी खाली पाहिलं, तर त्याच वहिनी दारात बसून मुकाट्याने काजं करताहेत. वर दुसऱ्या खिडकीत सायकलवाले आबा, त्यांच्याही दुकानावर तीच सावली पडलेली. त्यांचंही तोंड तसंच, मासळीसारखं.

मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते तडक गेले लोकपालांच्या कार्यालयात. सरकारी खात्याने काम टाळलं की दाद मागायची ती शेवटची जागा. तिथल्या बाईंनी चष्मा वर सरकवला.

"मास्तर, तुमच्या घरात ऊन येतं?"

"भरपूर!"

"मग तुमचं काय बिघडलं?"

"माझं नाही हो, वहिनींचं! खातं हातावर हात ठेवून बसलंय!"

"बसलंय खरं. पण इथे ज्याला झळ लागली त्याचीच तक्रार चालते. नाहीतर त्याने सांगून पाठवलेल्या माणसाची. वहिनींनी पाठवलंय तुम्हांला?"

"त्यात पाठवायचं काय? दिसतंय की!"

"दुसऱ्याचं डोकं दुखतंय म्हणून गोळी तुम्ही गिळून कसं चालेल?"

मास्तर उसळले. "म्हणजे शेजाऱ्याने डोळे मिटून बसायचं?"

"छे हो! डोळे उघडे ठेवा, त्यांच्याबरोबर या, साक्षीला उभे राहा. पण आधी विचारा. इतकी वर्षं सगळ्यांच्या वाटचं तुम्हीच बोललात. आता त्यांचा आवाज कुठे जाऊन राहिलाय, ते तरी ठाऊक आहे का?"

आवाज कुठे जाऊन राहिलाय! मास्तरांना ती खिडकी आठवली.

ते तसेच वहिनींच्या दारात आले. "चुकलो, वहिनी. एकदाही विचारलं नाही. तुम्हांला काय हवंय?"

वहिनींनी तोंड उघडलं. आवाज नाही. वर खिडकीतल्या वहिनींचंही तोंड नेमकं तेवढंच उघडलं. मग एकाएकी खालच्या वहिनी ओरडल्या, "माझा उजेड परत हवा!"

आणि काय आश्चर्य! वरची खिडकी रिकामी. आबा बोलले, दुसरीही रिकामी. दोघांनी आपली तक्रार स्वतः नेली, लोकपालांनी खात्याचे कान उपटले, मजला उतरला, ऊन पुन्हा मशीनवर येऊन बसलं.

तेव्हा नागरिकहो, एवढं गाठीला बांधा. ज्याच्या पायात काटा मोडला त्याने ओरडायला शिकावं, आणि शेजाऱ्याने त्याच्याऐवजी नव्हे, त्याच्या शेजारी उभं राहावं...

"थापा! धादांत थापा!"

गोष्ट ऐकणाऱ्यांत मागच्या बाजूला शिवणवहिनी ताडकन उठल्या होत्या. सुई बोटांतच होती. "मजला उतरलाय कुठे? तो काय समोर उभा! आणि मी कधी ओरडले? मला विचारलंय कुणी? माझा उजेड अजून गेलेलाच आहे, आणि मला तो परत हवाय!"

कोपऱ्यातून मास्तर हळूच उठले.

"वहिनी... मी बरोबर येऊ का?"

"विचारलंत एकदाचं! चला."

सगळ्यांच्या माना आपोआप वर गेल्या. पहिल्या खिडकीत कुणीच नव्हतं.