जानरावच्या हातचं पाणी

ख्रिस्ती भावानं ख्रिस्ती भावाला कचेरीत खेचू नये, हे नत्थुजीला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. पाद्रीसाहेबांनी चांगलं बजावून ठेवलं होतं, तंटा झाला तर मंडळीत, म्हणजे आपल्या ख्रिस्ती लोकांत मिटवा, बाहेरच्यांपुढे नेऊ नका. आता भातकुलीजवळच्या त्यांच्या गावातली मंडळी म्हणजे तरी किती? नत्थुजी आणि त्याची गोदाबाई, जानराव आणि त्याची मनकर्णाबाई. संपली मंडळी! भांडणारेही तेच आणि मिटवणारेही तेच. पाद्रीसाहेब यायचे वर्षातून एकदोनदा, आणि विहिरीचं पाणी उतरत होतं रोज.

भांडण विहिरीचंच. नत्थुजी जन्मानं माळी, जानराव जन्मानं महार. दोघांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला, तशी नत्थुजीच्या भाऊबंदांनी त्याला गावच्या विहिरीवर पाय ठेवू दिला नाही. जानरावला तर ती कधी उघडी नव्हतीच. गाव त्याला जान्या म्हणायचं. 'जानराव भाऊ' म्हणणारा नत्थुजी पहिलाच. मग दोघांनी मिळून नत्थुजीच्या वावरात विहीर खणली. माती नत्थुजीनं उपसली, खालचा पाषाण जानरावनं फोडला. पाणी लागलं तेव्हा जानरावनं आपला लोटा भरून नत्थुजीला दिला, आणि बांधावर उभ्या असलेल्या गावासमोर नत्थुजी तो घटाघटा प्याला. एक दिवस तुझी मोट, एक दिवस माझी, असं दोघांनी प्रार्थना करून ठरवलं.

पुढे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडाचं नशीब उघडलं. अमरावतीत व्यापारी, दलाल, गाडीवान यांची ही गर्दी! एवढी माणसं भाजी खाणारच की. नत्थुजीची वांगी टोपली खाली ठेवायच्या आत संपायची. हाव सुटली, दुसरं काय! त्यानं वाफे वाढवले, उन्हाळ्यात पाणी पुरेना, आणि एका सकाळी जानरावची पाळी असताना त्यानं जानरावचे बैल मोटेवरून सोडून दिले.

"आज माही पाळी हाय, भाऊ," जानराव म्हणाला.

"विहीर माह्या वावरात हाय. पाळीबिळी काई नाई."

"प्रार्थना करून ठरवलं होतं आपन."

"कागद हाय का?"

जानरावनं बैल पुन्हा जुंपले. नत्थुजी तडक अमरावतीला गेला आणि दावा लावून आला.

"अवो, भावावर दावा लावते का कोनी?" गोदाबाईनं कपाळावर हात मारला. "पाद्रीसायबाले काय तोंड दाखवसान?"

"सरकारनं कचेरी काहून उघडली मंग? न्याव मांगनं पाप हाय का?"

पाप नाही, खरंच नाही. पण नत्थुजीला न्याय कुठे हवा होता, त्याला पाणी हवं होतं. हे त्याला आतून कळत होतं, म्हणून तर तो एवढा ओरडत होता.

त्याचा वकील भलता बेरकी निघाला. "कागद त्याच्याजवळही नाही," तो म्हणाला. "तो मजुरीनं खणायला आला होता, एवढंच तू सांग. माळी माणूस महाराला विहिरीत भागीदार करतो, यावर कोण विश्वास ठेवणार आहे?"

"पन मी तर किरिस्ताव झालो, वकीलसायेब."

"ते घरी. इथं माळी."

तारखेच्या दिवशी देवाची शपथ झाली. मग कचेरीतल्या साहेबांनी सरळच विचारलं, "याच्या हातचं पाणी तू कधी प्याला होतास?"

जानराव समोरच उभा होता. त्यानं मान वर करून नत्थुजीकडे पाहिलं. चेहरा अगदी निवांत. नत्थुजी आता खरं सांगणार, याची त्याला खात्रीच होती बिचाऱ्याला.

"नाई, सायेब," नत्थुजी म्हणाला. "मी माळी मानूस. म्हाराच्या हातचं पानी कसं पिईन?"

दावा जिंकला. नत्थुजी बाहेर येऊन बैल जुंपत होता, तेवढ्यात जानराव आला. आता हा शिव्या देणार, म्हणून नत्थुजी तयारच होता, आणि दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. पण जानराव कमरेत वाकला, जमिनीला हात लावला आणि म्हणाला, "जोहार, मायबाप."

नत्थुजीच्या कानशिलांना आग लागली. "जानराव, असं नको ना करू," तो पुटपुटला. जानराव तोवर चालायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई घागर घेऊन आली आणि विहिरीपासून लांबच उभी राहिली. "पानी वाढा वो, माय!"

गोदाबाई धावत गेली, तिचा हात धरून ओढू लागली. "वर ये ना व, मनकर्णा! अशी काय करून राहिली?"

"नाई, बाई. तुमच्या मालकानं सायबाले सांगतलं, आमी तुमच्यातले नाई."

गोदाबाईनं रडत रडत तिची घागर भरली. विहिरीचा मालक वांग्यांच्या वाफ्याआड चोरासारखा दडून बसला होता.

संध्याकाळी मात्र त्याला राहवेना. तो जानरावच्या दारी गेला. "मी कचेरीत जातो. खोटं बोललो म्हनून सांगतो. सजा झाली तं होऊ दे."

जानराव उठला नाही. "कचेरीत तुले कोन ओयखते? पारावर जा. तुह्या भाऊबंदाइले सांग."

नत्थुजीच्या तोंडचं पाणीच पळालं. कारण दावा जिंकल्यापासून भाऊबंद त्याला रामराम घालू लागले होते. आणि लाजेची गोष्ट अशी, की त्याला ते गोड वाटलं होतं.

तरी तो गेला. पारावर चुलतभाऊ खुशालराव बसला होता. त्यानं सरकून जागा केली. "ये नत्थू, बस."

"मी बसाले नाई आलो," नत्थुजी उभ्यानंच म्हणाला. "मी कचेरीत खोटं बोललो. विहीर जानरावचीबी हाय. त्याच्या हातचं पानी मी पेलो, लोटाभर पेलो."

खुशालराव खो खो हसला. "अबे, आमाले का नवीन सांगून राहिला? अख्खं गाव बांधावर होतं तवा. डोये फुटले होते का आमचे?"

"मंग मले जवळ कसं केलं?"

"तू त्याले नाई म्हनलं, म्हनूनच तं केलं! बस आता, चिलीम ओढ."

नत्थुजीला वाटलं, कचेरीत उभं राहताना नव्हती एवढी लाज आता वाटते आहे. साहेब फसला असेल एक वेळ, पण हे सगळे जाणून होते, आणि त्या खोट्यावरच खूश होते. तो बसला नाही. पाय ओढत पुन्हा जानरावच्या दारी आला.

"कोन हाय?" मनकर्णाबाईनं आतून विचारलं.

भाऊ म्हणायला त्याची जीभ उचलेना. "उद्या मोट तुमची," तो बाहेरूनच म्हणाला, "परवाबी तुमचीच." आणि आतून कोणी ये म्हणतं की नाही, हे ऐकायची हिंमत नव्हती म्हणून झपाझप घराकडे निघाला.