मोडायचं मॉडेल

वास्तुकलेच्या कॉलेजात सरांचा एक नियम होता. दर प्रकल्पाचं पहिलं मॉडेल सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं मोडायचं. पहिलं म्हणजे इकडून तिकडून उचललेलं, स्वतःचं सुचतं ते दुसऱ्यांदा, असं त्यांचं ठाम मत. पोरं पाठीमागं त्यांना 'बुलडोझर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

यंदा एक मुलगी उशिरा दाखल झाली. तिनं पुठ्ठ्याचं वाचनालय केलं होतं, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर बसून वाचता येईल असं. तिची पाळी आली तेव्हा हात काही हलेनात.

"मोड गं, असा जीव अडकवायचा नसतो," सर म्हणाले. तिनं मोडलं.

त्यानंतर ती नुसती कोऱ्या कागदासमोर बसून राहायची. शेवटी सरांच्या केबिनमध्ये आली. "सर, मी कॉलेज सोडतेय."

"वेडी आहेस का! अगं, सुचेल दुसरं."

"नाही सुचत. आधी वाईट वाटायचं. आता तेही वाटत नाही." भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं तिनं.

सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "उद्याचा दिवस थांब," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नव्या प्रकल्पाची पहिली मॉडेलं टेबलांवर मांडलेली. ती मात्र कोपऱ्यात, रिकाम्या टेबलाशी. तिच्याकडे बघत सर म्हणाले, "आज मोडायचं नाही. आहे हेच पुढे न्यायचं."

वर्गात बोटांना कायम डिंक फासलेला एक 'चिकट्या' होता, तो चाचरत उठला. "पण सर, हे तर मोडायचं मॉडेल आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... रद्दी पुठ्ठ्याचं. खरं घरी असतं. सगळेच तसं करतात, सर. सीनियर पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात."

कुणीतरी फिसकन हसलं. अरे देवा, इतकी वर्षं! ज्या दुसऱ्या मॉडेलांचं कौतुक करताना सरांची जीभ थकत नव्हती, ती सगळी पहिलीच होती.

मुलीनं वर्गावरून नजर फिरवली. "मला कुणी सांगितलंच नाही," एवढंच म्हणाली. रडली नाही, कुणाला बोल लावला नाही. पट्टी आणि कटर पिशवीत टाकून निघून गेली. 'थांब' म्हणायला सरांनी तोंड उघडलं, पण थांबून करायचं काय, ते त्यांना सांगता येईना.

चिकट्या अजून उभाच. "सर, मग मोडायचं का?"

सरांना दुसरं काही सुचलं नाही. "मोडा," ते म्हणाले.