लिओची फुसफुस

आमच्या लिओच्या हृदयाची झडप गळकी होती, आणि त्याचा त्याला भारी माज. सेंट जॉन्सला होणाऱ्या डॉक्टरकीच्या परीक्षेत तो एकवीस वर्षं पेशंट म्हणून जायचा. पोरांनी छातीला स्टेथोस्कोप लावायचा, आतली फुसफुस ओळखायची आणि पास व्हायचं. मासळीच्या कारखान्यातून काढलेल्या माणसाला एरवी कोण विचारतं? तिथे परीक्षा घेणारे प्रोफेसर पार्डी त्याला "आमचा लिओ" म्हणायचे. मी त्याची बायको, मी मात्र ती फुसफुस ऐकून रोज धास्तावायचे.

मार्चमध्ये तो जिन्यातच कोसळला. डॉक्टरांनी मांडीतून नळी घालून झडप दुरुस्त केली. छातीवर ओरखडा नाही, आणि आवाज साफ बंद. मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. हा मात्र सुतकात.

"पार्डींना सांगितलंस तर बघ, फिलोमिना!"

"मग फुसफुस काय तोंडाने काढणार आहेस?"

जूनमध्ये परीक्षेला गेलाच. मी पडद्यामागे मोजा विणत, फटीतून बघत बसले. अकरा पोरं आली आणि अकराही जणांनी फुसफुस ऐकली! एकाला तर ती काखेपर्यंत ऐकू गेली. मागच्या वर्षीच्यांनी पढवून ठेवलेलं, दुसरं काय. मला हसू आवरेना.

बारावी केझाया लश, फोगो बेटावरची. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"सर, काहीच नाही. हृदय ठणठणीत आहे."

"पुन्हा ऐक."

तिने ऐकलं. "नाही, सर."

पार्डींनी स्वतः स्टेथोस्कोप लावून डोळे मिटले. "वा! काय सुरेख फुसफुस! पोरी, तू नापास."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लिओ छताकडे बघत पडून राहिला. बोलला असता तर त्याचा मान संपला असता. मला असा संताप आला, की मोजा सुयांसकट फेकून मारणार होते.

तेवढ्यात तो शर्टाची बटणं लावत उठला.

"पोरगी बरोबर आहे, डॉक्टर. मार्चमध्येच दुरुस्त झालंय. फुसफुस तुमच्या कानात राहिलीय."

घरी आल्यावर त्याने परीक्षेचा तो शर्ट कपाटाच्या तळाशी ठेवून दिला.

ऑगस्टात पार्डींचं पत्र आलं. अकरा जणांची फेरपरीक्षा होती आणि पेशंट लिओच हवा होता. "निरोगी हृदय इथे कुणालाच ओळखता येत नाही. मलाही नाही." आता पोरं एकमेकांना तेही पढवून ठेवतील म्हणा.

लिओने पत्र फ्रीजवर चिकटवलं आणि शर्ट वर केला.

"ऐक गं, फिलोमिना. आहे का काही?"

मी कान लावला. "काही नाही," म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.