चित्रातले पाय

चांदीच्या मुठीची काळी छत्री.

रावेरहून आलेली केळीची पानं, ओल्या गोणपाटाखाली.

औषधाने तपकिरी पडलेली एका बाईची नखं.

शिंदखेड्याच्या माणसाने काखेत धरलेली घोंगडी, आत काहीतरी चौकोनी.

नदीत पडलेला कॅमेरा.

तो नदीत पडला नव्हता.

*

जळगाव, १९५५, दिवाळी नुकतीच झालेली. सरकीचे व्यापारी मदनलाल शेटजी उन्हाळ्यात बद्री-केदार करून आले होते. त्यांच्या कापसाच्या जिनाच्या आवारात गंगापूजन होतं. आधी पडद्यावर यात्रेची चित्रं, मग पंगत. येणारा प्रत्येक जण शेटजींच्या पायाला हात लावत होता. यात्रा केलेले पाय.

झुंबरबाईनेही हात लावला. तळवा मऊ होता. शेटजी डांडीत बसून गेले होते, चौघांच्या खांद्यावर.

तिचा नवरा जीवराम चालत गेला. धुळ्यात आग्रा रोडवर त्याचा फोटोचा स्टुडिओ होता. शेटजींनी चित्रं काढायला त्याला बरोबर नेलं आणि परत आणलं नाही.

“ताप भरला. माझ्या मांडीवर गेला गं,” शेटजी तिला म्हणाले होते. “कॅमेरा अलकनंदेत पडला. ही रिळं तेवढी वाचली. तूच धू. त्याच्या हातचं पुण्य आहे.”

तिने रिळं धुतली. पडद्यासाठी काचेवर चित्रं उतरवली. रडत रडत, पण चांगली उतरवली.

मग शिंदखेड्याचा भटू आला, काखेत घोंगडी घेऊन. त्याच वाटेने तोही पायी यात्रेला गेला होता.

*

“अक्का, हाऊ डबा तुना शे. त्यानीच माले पत्ता सांगा.”

“कोठे सापडना?”

“त्यानी छातीवर व्हता, घोंगडीमा. एकलाच पडेल व्हता. सगळा निंघी जायेल व्हतात.”

“जित्ता व्हता?”

“मी गऊ तवय जित्ता व्हता. पानी पाजं मी.”

“जळगावले चाल. हाईच सांग सगळास्ले.”

भटू हसला. “मन्हं कोन आयकी, अक्का? शेट शे तो.”

कॅमेऱ्यात रीळ होतं.

*

एक प्रिंट काढून ती शेटजींच्या तोंडावर फेकता आली असती. त्यांनी ती फाडली असती. तिला ते नको होतं. तिला ते तोंड मोठं हवं होतं, धोतराएवढ्या पांढऱ्या पडद्यावर, सगळ्या जळगावासमोर. म्हणून ती थांबली. पावसाळाभर थांबली. काच पुसत राहिली.

*

पडद्यावर: हृषीकेशचा झुला.

“हा पूल वाऱ्याने असा हलतो,” शेटजींनी हात हलवून दाखवलं. लोक हसले.

पडद्यावर: देवप्रयाग, दोन नद्या, दोन रंग.

“अरे बापा,” रावेरचा उखर्डू आबा म्हणाला. पंगतीची केळीची पानं त्याच्याच बागेतली होती, आणि शेटजींच्या पायावर डोकं टेकवणारा पहिला तोच. “घरी बसल्या यात्रा घडवली, शेटजी!”

पडद्यावर: बर्फ. बायकांनी हात जोडले.

चित्रांच्या दिव्यापाशी झुंबरबाईच उभी होती. तिने पुढची काच सरकवली.

अरुंद वाट. चौघांच्या खांद्यावर डांडी, दूर चाललेली. वर काळी छत्री, चांदीची मूठ चमकते. मागे यात्रेची सगळी माणसं, पाठमोरी. फक्त शेटजी मान वळवून मागे बघताहेत. थेट. तोंड स्पष्ट.

“हे… हे जोशीमठच्या पुढे,” शेटजींच्या तोंडून सवयीने निघालं.

“फोटू बेस आला,” आबा म्हणाला. “पन शेटजी, तुम्ही तं सगळे चालले. मंग हा काढला कोनं?”

मागची माणसं पुढे वाकून बघू लागली.

“आबा, खाली बघा,” झुंबरबाई म्हणाली. “कडेला.”

कडेला घोंगडीचं टोक होतं. त्यातून बाहेर आलेले दोन पाय, चिंध्या बांधलेले, भोपळ्यासारखे सुजलेले. काढणाऱ्याचे.

“दिवा बंद कर!” शेटजी ओरडले.

“हात लावता येत नाही, शेटजी. तापलाय.”

“बाई, मी सांगतो—”

“सांगा ना. मांडीवर गेला म्हणून सांगा. सगळे आहेत इथे.”

शेटजींनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरच्या शेटजींनी त्यांच्याकडे पाहिलं. दिवा तसाच जळत होता. तिने तो जळू दिला, काच तडकेपर्यंत.

उखर्डू आबा उठला. पंगतीसाठी पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं, तिथे गेला. तांब्या घेऊन त्याने हात धुतले, मग कपाळ धुतलं. उपरण्याला पुसलं आणि पानांकडे न वळता फाटकाकडे वळला. त्याच्यामागे दुसरा. मग रांग लागली. पायांना हात लावायला लागली होती, तेवढीच.

पानं मांडलेली राहिली. लाडू पातेल्यात राहिले.

शेटजींच्या घरच्या बायका ओसरीत उभ्या होत्या. त्यांनीही जेवा म्हटलं नाही.

झुंबरबाईने तडकलेली काच पदरात बांधली. धुळ्याच्या मोटारीत ती खिडकीशी बसली. तिला भूक लागली होती. कितीतरी महिन्यांनी.

*

यात्रेला निघण्याआधी शेटजींनी जीवरामला कॅनव्हासचे बूट घेऊन दिले होते. ते त्याला लहान होत होते.