चालू इंजिनाची किल्ली

डॅशबोर्डवर अर्धा भरलेला पाण्याचा पेला, ज्यातलं पाणी कुणीच पीत नाही.

सीटखाली ढकललेल्या चपला.

धूळ बसलेला रेडिओ.

पाठीमागून हाक मारली की न वळणारी मान.

हे सगळं एकाच माणसाचं, तिच्या बाबांचं. पण या गोष्टी शेजारीशेजारी मांडून बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. भाडी ती घरून फोनवर ठरवायची, ट्रक बाबा चालवायचे.

ट्रक चढावर धापा टाकायला लागला, काळा धूर ओकायला लागला, तेव्हा बापलेक गॅरेजात आले. मिस्त्रीने जरा वेळ ऐकलं आणि हात झटकले. दुरुस्तीत राम नाही म्हणाला. सगळेच सिलिंडर थकलेत, दुसरं इंजिन बसवा. शेजारी तसलाच एक ट्रक उभा होता, त्याला त्याने नुकतंच नवं इंजिन बसवलं होतं. त्याचं तो पोटच्या पोरासारखं कौतुक करत होता. इतकं मऊ चालतं म्हणे, की आत बसल्यावर चालू आहे की बंद तेही कळत नाही.

“मग नको,” बाबा म्हणाले.

तिला नवल वाटलं. सुख नको म्हणणारा ड्रायव्हर तिने पाहिला नव्हता. खोदून विचारलं तर बाबांनी जुन्या इंजिनाची तारीफ केली, तीही इतकी मोघम की तिचं कुतूहल आणखीच चाळवलं. निदान सुरू करून तर बघा, म्हणत तिने त्यांना त्या दुसऱ्या ट्रकमध्ये चढवलं.

बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. बाबा थांबले, जरा वाट बघितली, आणि चालू इंजिनावर पुन्हा किल्ली फिरवली.

स्टार्टरचे दात असे करकरले की मिस्त्रीच्या हातातला पाना पडला. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी परत किल्लीला हात घातला, तो तिने दारातून वर चढून धरला. मग त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून हळूच विचारलं, “कधीपासून?”

बाबा तिच्या ओठांकडे बघत राहिले.

“आधी तुझ्या आईच्या तक्रारी ऐकू येईनाशा झाल्या. मला वाटलं, सुधारली.” मग म्हणाले, “आपलं इंजिन मला तळपायाला कळतं. पेल्यातल्या पाण्यावर दिसतं. ते बदललंत, तर मी गाडीत ठेवलेलं सामान होईन.”

तळपायाला कळतं म्हणजे नेमकं काय कळतं, हा प्रश्न आता मिस्त्रीला स्वस्थ बसू देईना. त्याने बाबांना त्यांच्या ट्रकमध्ये अनवाणी बसवलं आणि बॉनेटाआड राहून एकेका सिलिंडरचं डिझेल तोडून परत जोडत गेला. डिझेल तुटलं की बाबा बोट वर करत. तिसऱ्याला बोट वर गेलं नाही.

“तोडलं होतं की काका,” मिस्त्री बॉनेटाआडून म्हणाला.

तिने बाबांना सांगितलं. “तो आधीच झोपलाय,” बाबा म्हणाले. “बाकीचे ओढतायत.”

मिस्त्रीने डोकं खाजवलं. सगळेच थकलेत, हे त्याने पुन्हा बोलून दाखवलं नाही. तिसऱ्यापुरतं इंजिन उघडायचं ठरलं. कानाच्या डॉक्टरकडे जायचं, आणि तोवर बाबांच्या शेजारच्या सीटवर आपण बसायचं, हे तिने कुणाला न विचारता ठरवलं.

बाबा रोज वळणावळणाला दाबत होते तो ट्रकचा हॉर्न आदल्या उन्हाळ्यापासून बंद होता.